अब्बांच्या नावाचा बोअर आणि फादर बाखर यांचे चर

आमच्या गावात ईदगाहच्या वाटेवर एक बोअर आहे. त्याच्या ओट्यावर काळ्या दगडाची पाटी बसवलेली आहे. पाटीवर वर बिस्मिल्लाह, खाली उर्दूत आणि मराठीत माझ्या अब्बांचं नाव, आणि त्याखाली ‘ईसाल-ए-सवाब’. अब्बांचा इंतकाल झाल्यावर आम्ही भावंडांनी पैसे जमवून २०१० साली तो बोअर घेतला. चारशे फुटांच्या आसपास पाणी लागलं, गाडीवाल्यानं हाक मारून सांगितलं, तेव्हा अम्मी पदर डोळ्यांना लावून कितीतरी वेळ तिथंच बसून राहिली होती. ‘सदका-ए-जारिया’ म्हणजे माणूस गेल्यावरही चालू राहणारं दान. आपल्या बापाच्या नावानं कुणीतरी रोज पाणी पिणार, यापेक्षा मोठं समाधान आमच्यासारख्या पगारदार माणसांना दुसरं काय असणार?

तो बोअर दोन वर्षं चालला. ईदच्या नमाजाला आलेली माणसं तिथं वजू करायची. शेतावर जाणाऱ्या बाया घागर भरून न्यायच्या. त्यांत आमच्या मोहल्ल्यातल्या होत्या तशा पलीकडच्या वस्तीतल्याही होत्या. २०१२ चा पावसाळा कोरडा गेला आणि २०१३ च्या उन्हाळ्यात मोटार नुसती हवा ओढू लागली. पुढे कुणीतरी मोटार काढून ठेवली. पाइपाच्या तोंडाला फडकं बांधलं गेलं. पाटी मात्र शाबूत आहे. येता-जाता ती वाचली की माझ्या मनात येतं, दान कोरडं पडलं, नाव तेवढं जारी राहिलं.

तो उन्हाळा जालना जिल्ह्यातला कुणी विसरणार नाही. मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. पोटच्या पोरासारख्या वाढवलेल्या झाडांवर शेतकऱ्यांनी स्वतःच्या हातानं कुऱ्हाड चालवली. जनावरं छावणीत आणि माणसं टँकरच्या रांगेत. मी उर्दू आणि मराठी शिकवते. वर्गात सकाळच्या हजेरीला मुलं पूर्ण असायची आणि टँकरचा भोंगा वाजला की एकेक मुलगी उठायची, ‘आपा, टँकर आया, जाऊँ?’ मुलं बसून राहायची, मुली जायच्या. मी ‘जा’ म्हणायचे. दुसरं काय म्हणणार होते? त्यांतल्या दोघी पुढच्या वर्षी शाळेत परतल्याच नाहीत. पाण्याच्या टंचाईची आकडेवारी सरकार ठेवतं. त्या दोघींची नोंद फक्त माझ्या हजेरीपटावर आहे.

त्याच उन्हाळ्यात आमच्या शाळेतले एक सहकारी म्हणाले, ‘मॅडम, कडवंचीला चला एकदा. तिथं द्राक्षं आहेत.’ मला वाटलं, चेष्टा करताहेत. कडवंची म्हणजे जालन्याहून सिंदखेडराजाकडे जाताना लागणाऱ्या भागातलं गाव. आभाळ तेच, जमीन तीच, पाऊसही तेवढाच कमी. पण जाऊन पाहिलं तर खरंच मांडवावर द्राक्षाच्या बागा उभ्या होत्या आणि विहिरींना पाणी होतं. डोंगराच्या अंगावर एकाखाली एक आडवे चर खणलेले, ओढ्या-ओघळींत दगडांचे बांध, खाली मातीचे नालाबांध, शेतांना बांधबंदिस्ती, आणि जागोजाग शेततळी. १९९६ पासून पुढची पाच-सहा वर्षं हे काम चाललं होतं. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रानं आणि मराठवाडा शेती साहाय्य मंडळानं, म्हणजे विजयअण्णा बोराडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, गावकऱ्यांना बरोबर घेऊन ते केलं. अठराशेहून अधिक हेक्टरांचं पाणलोट माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधून काढलं.

हे काम ज्या योजनेतून झालं तिचं नाव इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम. पैसा जर्मन सरकारचा, व्यवस्था नाबार्डची, श्रम गावाचे. पण ही योजना कुणाच्या डोक्यातून निघाली हे मी नंतर वाचत गेले, आणि तिथं मला एक ख्रिस्ती धर्मगुरू भेटला. भेटला म्हणजे कागदावर. प्रत्यक्ष कधी पाहिलं नाही, आणि आता पाहणंही शक्य नाही. त्या माणसाबद्दल आणि त्याच्या ईमानाबद्दल आज लिहायचं आहे.

फादर हर्मन बाखर. जन्म १९२४, स्वित्झर्लंडच्या डोंगराळ भागात. कॅथलिक पंथातल्या येशूसंघाचे, म्हणजे जेझुइट संघाचे सदस्य. हा तोच संघ ज्याच्या फादर स्टीफन्सनी सतराव्या शतकात ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत लिहिलं. गंमत अशी की या संघावर खुद्द स्वित्झर्लंडमध्येच १९७३ पर्यंत घटनेनं बंदी घातलेली होती. आपल्याच देशात संशयानं पाहिलं जाणं म्हणजे काय, हे त्या माणसाला कुणी समजावून सांगायची गरज नसावी. १९४८ साली, चोविशीत, ते भारतात आले आणि पुढची साठेक वर्षं त्यांचं काम प्रामुख्यानं अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यात राहिलं. साठच्या दशकात त्यांनी तिथं सोशल सेंटर उभं केलं. नगर तालुक्यातलं पिंपळगाव वाघा, संगमनेर तालुक्यातलं म्हसवंडी अशी गावं पाणलोटाच्या कामातून उभी राहिली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, ज्या वयात आपल्याकडे मास्तर निवृत्त होऊन पेन्शनच्या कागदांमागे लागतो त्या वयात, हा माणूस भारत आणि जर्मनी या दोन देशांच्या सरकारांना एका कार्यक्रमासाठी एकत्र आणत होता. १९९३ साली त्यांनी आणि क्रिस्पिनो लोबो यांनी गावांना आणि संस्थांना या कामाचं शिक्षण देण्यासाठी ‘वॉटर’ ही संस्था सुरू केली. या संस्थेनं पुढे आपल्या जालना जिल्ह्यातही भोकरदनकडच्या गावांत काम केलं. २०२१ मध्ये, सत्त्याण्णवाव्या वर्षी फादर बाखर गेले.

आपल्याकडे ख्रिस्ती म्हटलं की लोक सरसकट ‘मिशनवाले’ म्हणतात. म्हणून एक फरक सांगते. जालन्याचं मिशन हॉस्पिटल किंवा रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ वसवलेलं बेथेल, हे स्कॉटलंडच्या प्रॉटेस्टंट मिशनचं काम. कॅथलिक वेगळे. त्यांचे पोप रोमला, आणि आपला जिल्हा औरंगाबादच्या धर्मप्रांतात येतो. पण आमच्या दादीला हा फरक ठाऊक नव्हता. तिला एवढंच ठाऊक होतं की बाळंतपण अडलं तर बैलगाडी मिशनच्या दवाखान्याकडे वळवायची आणि तिथं जात-धर्म विचारत नाहीत. सामान्य माणसाला दुसऱ्याचा धर्म असाच कळतो. पुस्तकातून नाही, अडलेल्या वेळी.

आता खरा प्रश्न. सेवा तर सगळेच करतात. लायन्स क्लबवाले करतात, राजकीय पक्षवाले निवडणुकीच्या वर्षी करतात. मग एखाद्या फादरनं चर खणवले यात श्रद्धेचा संबंध काय?

याचं उत्तर मला बायबलमधल्या एका प्रसंगात मिळालं, आणि तो वाचताना मी चमकले, कारण तो मला आधीच माहीत होता. मत्तयच्या शुभवर्तमानात, पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या निवाड्याचं वर्णन आहे. तिथं न्यायासनावर बसलेला राजा माणसांना सांगतो की मी भुकेला होतो, तहानलेला होतो, परका होतो, आजारी होतो, तुरुंगात होतो; कुणी माझ्याकडे आलं, कुणी आलं नाही. माणसं गोंधळून विचारतात की आम्ही तुला असं कधी पाहिलं? आणि उत्तर असं की या सगळ्यांत जो कनिष्ठ होता त्याला तुम्ही जे दिलं वा नाकारलं, ते मला. कॅथलिक सेवेचा सगळा डोलारा या एका प्रसंगावर उभा आहे. कोलकात्यात १९५० साली आपला संघ काढणाऱ्या मदर तेरेसा रस्त्यावर मरणाऱ्याला उचलायच्या तेव्हा त्यांच्या श्रद्धेत तो येशूच होता.

आणि आपल्याकडे? ‘सहीह मुस्लिम’मध्ये एक हदीस-ए-कुदसी आहे. मदरशात शिकलेल्या कुणालाही विचारा. कयामतच्या दिवशी अल्लाह आदमच्या लेकराला विचारेल की मी आजारी होतो, तू मला बघायला आला नाहीस; मी जेवण मागितलं, तू दिलं नाहीस; मी पाणी मागितलं, तू पाजलं नाहीस. बंदा म्हणेल, तू तर साऱ्या जगाचा रब, तुला मी पाणी कसं पाजणार? आणि उत्तर येईल की माझ्या अमक्या बंद्यानं तुझ्याकडे पाणी मागितलं होतं. त्याला पाजलं असतंस तर ते तुला माझ्यापाशीच मिळालं असतं.

दोन्हींत फरक आहे, तो मी लपवणार नाही. ख्रिस्ती माणूस त्या तहानलेल्यात ईश्वराचा देहधारी पुत्र पाहतो. आपण तसं मानत नाही, आपल्यासाठी अल्लाह देह धरत नाही. अकीद्याचा हा फरक मोठा आहे आणि मैत्रीसाठी तो पुसून टाकावा असं मला वाटत नाही. पण दोन्हीकडे परीक्षेचा पेपर मात्र एकच निघाला आहे. त्या दिवशी पाण्याबद्दल विचारलं जाणार आहे.

मग मला असा प्रश्न पडला की त्याच पेपरचं उत्तर आम्ही बोअर घेऊन दिलं आणि फादर बाखर यांनी चर खणवून. कुणाचं बरोबर?

आपल्या जिल्ह्याखाली काळा पाषाण आहे. या खडकात पाणी वरच्या मुरमाड थरात आणि भेगांमध्ये साठतं. बोअर म्हणजे त्या साठ्यात घातलेली नळी. ती पाणी निर्माण करत नाही, फक्त ओढते. शेजाऱ्यानं अधिक खोल नळी घातली की आपली कोरडी. मग आपण त्याहून खोल. आमच्या गावात हीच शर्यत झाली. त्या शर्यतीत अब्बांच्या नावाचाही एक बोअर होता, हे कबूल करायला मला दहा वर्षं लागली. आम्ही सवाब कमावतो आहोत असं समजत होतो, आणि प्रत्यक्षात गावाच्या सामाईक साठ्यातून एक नळी जास्त ओढत होतो.

चर खणणं याच्या उलट. डोंगरमाथ्यावर समतल रेषेत चर खणला की पावसाचं पाणी पळत नाही, थांबतं, मुरतं, आणि महिन्यांनी खालच्या कुणाच्या तरी विहिरीत उतरतं. कुणाच्या? ते सांगता येत नाही. ज्यानं चर खणला त्याच्याच विहिरीत येईल असं नाही. त्यावर पाटी लावायला जागाच नसते. दान उजव्या हातानं द्यावं ते डाव्या हाताला कळू नये, ही शिकवण शुभवर्तमानातही आहे आणि आपल्या हदीसमध्येही, अर्शच्या सावलीत जागा मिळणाऱ्या सात जणांच्या वर्णनात. मला वाटतं, माथ्यावरचा चर हे त्या शिकवणीचं सगळ्यात सरळ उदाहरण आहे.

दुसरी गोष्ट त्या कार्यक्रमाच्या नियमांची. गावानं आधी श्रमदान करून दाखवायचं. छोट्या तुकड्यावर काम करून, शिकून, मग मोठा निधी. मजुरीचा ठरावीक हिस्सा गावानं श्रमातून द्यायचा. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी गावानं स्वतः ठरवायची. समिती ग्रामसभेनं निवडायची. म्हणजे देणारा वर आणि घेणारा खाली, असं नातं शक्य तितकं टाळायचं. आपल्याकडे रमजानमध्ये रेशनचे किट वाटले जातात. मीही वाटले आहेत. रांगेत उभ्या बाईचा फोटो निघतो, आणि तो ग्रुपवर फिरतो. ती बाई माझ्या विद्यार्थिनीची आई असते. दुसऱ्या दिवशी ती मुलगी वर्गात माझ्याकडे बघत नाही. सेवा घेणाऱ्याची मान खाली जात असेल तर त्या सेवेत काहीतरी चुकतंय, एवढं मला त्या मुलीनं शिकवलं.

इथं माझे वाचक विचारतील, आणि विचारलंच पाहिजे, की मिशनवाल्यांची सेवा ही धर्मांतराची पायरी नव्हती का? इतिहासात तसं झालं आहे. दुष्काळात अन्नछत्र आणि बाप्तिस्मा एकाच दारात मिळाल्याच्या तक्रारी जुन्या आहेत, आणि भुकेल्या माणसाचा होकार हा खरा होकार नसतो. पण दुसरी बाजूही आहे. ज्यांना गावविहिरीवर पाणी भरू दिलं जात नव्हतं त्यांनी ज्या दारात माणूस म्हणून वागवलं गेलं ते दार निवडलं, तर त्यांना ‘विकले गेले’ म्हणणं हा त्यांचा आणखी एक अपमान आहे. आपल्यातल्या किती घराण्यांनी अशाच कारणानं सूफींच्या खानकाहचा रस्ता धरला असेल, याचाही विचार करावा.

कॅथलिक चर्चही तिथंच थांबलेलं नाही. १९६२ ते १९६५ या काळात रोमला भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं इतर धर्मांविषयी, त्यांत नाव घेऊन मुसलमानांविषयी, आदराची भूमिका घेतली. पोप बेनेडिक्ट यांनी २००५ च्या आपल्या पहिल्या परिपत्रात स्पष्ट केलं की सेवा हे धर्मप्रसाराचं साधन म्हणून वापरायचं नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये पर्यावरणावर जे परिपत्र काढलं त्यात स्वच्छ पाणी हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क मानला. कागदावरचं सगळं प्रत्यक्षात येतंच असं नाही, हे आपल्यालाही आपल्या घरातून ठाऊक आहे. पण कडवंचीच्या बाबतीत तर काम करणारी संस्था ख्रिस्ती नव्हती, शेतकरी ख्रिस्ती नव्हते, आणि त्यांतल्या अनेकांनी फादर बाखर हे नावही ऐकलेलं नसेल. ज्या सेवेत सेवकाचं नावच पोचत नाही, तिच्यावर धर्मांतराचा आरोप कसा करणार?

संशयाचा हा त्रास आपल्यालाही आहे. कोरोनाच्या काळात महाराष्ट्रात अनेक ठिकाणी मुसलमान तरुणांनी परक्यांच्या मयतांना खांदा दिला, रीतीप्रमाणे अग्नीही दिला. तरी ‘यामागे काय आहे?’ असं विचारणारे होतेच. त्या प्रश्नाला तोंडी उत्तर नसतं. पुढच्या वर्षीही तेच काम करत राहणं एवढंच उत्तर असतं. फादर बाखर यांनी ते साठेक वर्षं दिलं.

आता आपल्या घराकडे वळते, कारण दुसऱ्याचं कौतुक करून स्वतःला सोडून देणं सोपं असतं. पाण्याच्या बाबतीत आपला वारसा कुणापेक्षा कमी नाही. साद बिन उबादा (रजि.) यांनी आईच्या नावानं कोणतं दान करू असं विचारलं तेव्हा पैगंबर (स.) यांनी पाणी सांगितलं, आणि त्यांनी विहीर खणली. हजरत उस्मान (रजि.) यांनी मदिन्यातली रूमाची विहीर विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली. हजरत उमर (रजि.) यांना खैबरच्या जमिनीबद्दल सल्ला मिळाला तो असा की मूळ राखून ठेवा आणि उत्पन्न वाटा. वक्फची कल्पना तिथून आली. औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, हबशी गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या मलिक अंबरनं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला नहर आणली. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातली पाणचक्की डोंगरातून आणलेल्या पाण्यावर फकिरांसाठी आणि मुसाफिरांसाठी धान्य दळायची.

मूळ राखा आणि फळ वाटा. पाणलोटाचं शास्त्र यापेक्षा वेगळं काय सांगतं? आपण बोअर घेतो तेव्हा मूळच संपवतो. वक्फचा अर्थ ज्यांना चौदाशे वर्षांपासून ठाऊक आहे त्यांनी तो पाण्याला लावला नाही, आणि एका स्विस पाद्र्यानं लावला. मला हे टोचतं. टोचलं पाहिजे.

साद (रजि.) यांनीही ती विहीर आईच्या नावानंच दिली होती, असं आमचे भाईजान म्हणतात, आणि ते खरं आहे. नावाला मनाई नाही. पण नाव उरलं आणि पाणी संपलं, तर आपण कशाची फिकीर केली होती ते उघडं पडतं.

पाणलोटाच्या कामातही सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. चराईबंदीचा पहिला फटका बसतो तो ज्याच्याकडे जमीन नाही, चार शेळ्या आहेत, त्याला. खेड्यातल्या मुसलमानांत अशी घरं खूप आहेत. वाढलेलं पाणी आधी विहीरवाल्याला मिळतं, मजुराला नाही. विहिरीतलं पाणी उपसून प्लॅस्टिकच्या शेततळ्यात भरलं की सामाईक पाणी पुन्हा खासगी होतं. ज्या ग्रामसभेत हे ठरतं तिथं आपले लोक मागे भिंतीला टेकून उभे राहतात, किंवा जातच नाहीत. सेवा म्हणजे फक्त देणं नाही, जिथं निर्णय होतो तिथं जाऊन बसणंही आहे. आपल्या बायांनी तर आवर्जून बसलं पाहिजे, कारण हंडा त्यांच्याच डोक्यावर असतो.

मदर तेरेसांवर टीका झाली की त्यांनी गरिबाच्या जखमा पुसल्या, गरिबीच्या कारणाला हात घातला नाही. मला ही टीका पूर्ण पटत नाही. मरणाऱ्याला आधी हात लागतो, कारण नंतर. टँकरही लागतोच, तहानलेल्याला शास्त्र सांगत बसता येत नाही. पण टँकर दरवर्षी लागत असेल तर कुणीतरी माथ्यावर जायला हवं. एकाच श्रद्धेतून मदर तेरेसा निघाल्या आणि फादर बाखरही निघाले. आपल्याकडे पहिल्या प्रकारची माणसं पुष्कळ आहेत. दुसऱ्या प्रकारची हवी आहेत.

आमच्यापुरतं सांगते. अब्बांचा बोअर पुन्हा भरता येतो, असं कृषी विज्ञानाच्या जाणकारांकडून कळलं. बोअरभोवती खड्डा घ्यायचा, केसिंग पाइपाला छिद्रं पाडून जाळी गुंडाळायची, खड्ड्यात खाली मोठे दगड, वर खडी, त्यावर वाळू. ईदगाहच्या माळावरून वाहून जाणारं पावसाचं पाणी गाळून त्यात सोडायचं. ज्या नळीनं ओढलं तिनंच परत द्यायचं. मशिदीच्या वजूखान्याचं पाणी दिवसातून पाच वेळा गटारात जातं, त्यासाठी वेगळा शोषखड्डा. ते बोअरमध्ये सोडायचं नाही, पण जमिनीत मुरू द्यायला काय हरकत आहे? वाहत्या नदीकाठीही वजूला पाणी वाया घालवू नये, असं सांगणाऱ्या दीनची आपण माणसं.

खर्च एका नव्या बोअरच्या मानानं फार थोडा आहे. मस्जिद कमिटीपुढे विषय ठेवायला भाईजान तयार झाले आहेत. पलीकडच्या वस्तीतल्या दोन शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर द्यायचं कबूल केलं आहे. कारण मुरलेलं पाणी त्यांच्याही विहिरीकडे जाणार, हे त्यांना आमच्याआधी कळलं.

पाटीचं काय करायचं यावर अजून एकमत नाही. भाईजान म्हणतात, पुनर्भरणाची तारीख घालून नवी पाटी लावू. मी म्हणते, अब्बांचं नाव अल्लाहला माहीत आहे. अम्मीला विचारलं तर ती म्हणाली, ‘पहले पानी तो आन दो.’ पावसाच्या आधी खड्डा पूर्ण व्हायला हवा.